शके १८१८ मधील मुंबईची साथ : पितृपक्षापासून दिवाळीपर्यंत

(१)

शके १८१८, दुर्मुखनाम संवत्सर, म्हणजे इ. स. १८९६-९७ ह्या सालीं मुंबई इलाख्यांत ग्रंथिक सन्निपाताची जी साथ आली, तिच्याविषयीं मराठींत पुष्कळ लिहिलें गेलें आहे. परंतु ह्या लेखनाचा आरंभ बहुधा पुण्यापासून होतो. रँडसाहेबाची नेमणूक, गोऱ्या सोजिरांची घरझडती, २२ जून १८९७ च्या रात्रीं गणेशखिंडीच्या रस्त्यावर झालेला गोळीबार, लोकमान्यांवरील राजद्रोहाचा खटला आणि चापेकर बंधूंची फांशी, ही परंपरा शाळेंतील मुलांसहि ठाऊक असते. प्रस्तुत लेखकानें ती तीसाहून अधिक वर्षें वर्गांत शिकविली आहे. तेव्हां तिचें महत्त्व कमी लेखण्याचा येथें मुळींच हेतु नाहीं.

ती शिकवितांना एक शंका मात्र मनांत नेहमीं राहिली. पुण्यांत घरझडती सुरू झाली ती १३ मार्च १८९७ रोजीं. आणि मुंबईंत रोगाचा पहिला जाहीर उच्चार झाला तो २३ सप्टेंबर १८९६ रोजीं. ह्या जवळजवळ सहा महिन्यांच्या अवधींत लोक काय करीत होते? विशेषतः पहिल्या सहा आठवड्यांत, जेव्हां कायदा नवा झाला नव्हता, लष्कर रस्त्यावर आलें नव्हतें आणि मृत्यूंचा कळसहि गांठला गेला नव्हता, तेव्हां घराघरांतून काय घडलें? ह्या प्रश्नाचा विचार करूं लागल्यावर असें दिसून आलें कीं, रोगानें माणसें मारण्यापूर्वींच त्यांची राहणी बदलली होती. आणि ती कशी बदलली हें सांगणारे कागद आपण संशोधकांनींच आजवर निरुपयोगी म्हणून बाजूस सारले आहेत. ह्या दोन गोष्टी वाचकांपुढें मांडाव्या, एवढाच ह्या लेखाचा उद्देश आहे.

(२)

प्रथम कालनिश्चय. इंग्रजी अहवालांत तारखा आहेत. परंतु ज्या लोकांची ही हकीकत आहे ते तिथीनें चालत होते. तारखांच्या तिथि करून पाहिल्या म्हणजे त्या कोरड्या आंकड्यांस अर्थ येतो.

२३ सप्टेंबर १८९६ हा दिवस भाद्रपद वद्य पक्षाच्या आरंभीं पडतो. म्हणजे पितृपंधरवडा नुकताच लागला होता. मुंबईच्या म्युनिसिपल कमिशनरांनीं रोग्यांस सक्तीनें इस्पितळांत नेण्याचा अधिकार सांगणारा जाहीरनामा काढला तो ६ ऑक्टोबर रोजीं. त्या दिवशीं सर्वपित्री अमावास्या होती. दुसऱ्या दिवसापासून शारदीय नवरात्र. आर्थर रोडवरील इस्पितळावर गिरणीकामगारांचा जमाव चालून गेला तो २९ ऑक्टोबर रोजीं, म्हणजे आश्विन वद्य पक्षाच्या मध्यावर. आणि नोव्हेंबरच्या पहिल्या आठवड्यांत दिवाळी आली.

म्हणजे हे सहा आठवडे वर्षांतील सर्वांत अधिक जाण्यायेण्याचे, जेवणाखाण्याचे व देवघेवीचे आठवडे होत. श्राद्धास ब्राह्मण बोलवावयाचे, नवरात्रास कुळाचार, दसऱ्यास भेटीगांठी, दिवाळीस गांवीं जाणें किंवा गांवचें माणूस घरीं येणें. मांडवी बंदरावरील गुजराथी व कच्छी व्यापाऱ्यांचें तर हिशेबाचें वर्षच दिवाळीस संपतें. जुन्या वह्या बंद करून नव्यांची पूजा करावयाची ती त्याच वेळीं. रोगाला ह्याहून अडचणीचा मुहूर्त सांपडला नसता. शेजाऱ्याच्या घरीं पान घेण्यास जावें कीं न जावें, हा प्रश्न त्या वर्षीं प्रथम पितृपक्षांत उभा राहिला, हें ध्यानांत घेतलें म्हणजे पुढील सर्व गोष्टींचा उलगडा सोपा होतो.

त्याच वर्षीं पाऊस दगा देऊन गेला होता व दुष्काळाची छाया देशभर पडत चालली होती, हेंहि येथें विसरतां कामा नये. साथ आली ती भरल्या घरांत आली नाहीं.

(३)

रोग प्रथम दिसला तो मांडवी भागांत. बंदराजवळचा हा भाग म्हणजे धान्य, साखर व किराणा यांच्या वखारींचा. खालीं गोदाम आणि वर दाटीनें राहणारीं कुटुंबें, अशी तेथील घरांची रचना. हाँगकाँग शहरांत हाच रोग १८९४ सालीं उद्भवला होता आणि तेथेंच येर्सिन व कितासातो ह्या दोन संशोधकांनीं त्याचे जंतु पाहिले होते. तेथून तो जहाजांबरोबर पश्चिमेकडे आला, असें सर्वसाधारणपणें मानलें जातें.

मुंबईंत त्याची ओळख पटविणारे गृहस्थ डॉ. अकासियो गाब्रिएल व्हिएगस हे मूळचे गोव्याचे, हडफडें गांवचे. ते म्युनिसिपालिटीच्या स्थायी समितीचे सभासद होते व मांडवीकडे त्यांचा वैद्यकीचा व्यवसाय होता. जांघेंत किंवा काखेंत गांठ, तीव्र ताप, ग्लानि व थोडक्या दिवसांत मृत्यु, हीं लक्षणें पाहून हा ग्रंथिक सन्निपातच होय, असें त्यांनीं समितीपुढें उघडपणें सांगितलें. पुढें १९०६ सालीं ते म्युनिसिपालिटीचे अध्यक्ष झाले. मेट्रो चित्रपटगृहासमोरील त्यांचा पुतळा मुंबईकर रोज पाहतात. परंतु तो कोणाचा, हें विचारल्यास दहांतील नऊजणांस सांगतां यावयाचें नाहीं.

डॉ. व्हिएगस यांच्या उच्चारापूर्वींच मांडवीच्या वखारींतून उंदीर मरून पडत होते. वखारीच्या हमालास, दिवाणजीस व वर राहणाऱ्या गृहिणीस ही गोष्ट दिसत होती. तिचा अर्थ मात्र कोणास लागला नव्हता. येथें जुन्या ग्रंथांच्या अभ्यासकांस एक नवल वाटल्यावांचून राहणार नाहीं. जहांगीर बादशहानें आपल्या आत्मवृत्तांत आग्र्याकडील साथीचें वर्णन करतांना एक प्रसंग नमूद केला आहे. घरांत एक उंदीर झिंगल्यासारखा वेडावांकडा फिरूं लागला, त्यास मांजरानें धरलें, तें मांजर आजारी पडलें आणि मग त्याच घरांतील माणसें पाठोपाठ मेलीं. ही नोंद सतराव्या शतकाच्या पूर्वार्धांतील आहे. गढवाल-कुमाऊं प्रांतांत तर हा रोग एकोणिसाव्या शतकांत वारंवार उद्भवत असे; तेथें 'महामारी' हें सामान्यनाम नसून ह्याच रोगाचें विशेषनाम होतें, आणि घरांत उंदीर मरूं लागले कीं गांव सोडून डोंगरावर जावें, हा तेथील लोकांचा परिपाठ होता.

म्हणजे ज्ञान होतें. पण तें ज्याच्या हातीं हवें त्याच्या हातीं नव्हतें. मुंबईच्या अधिकाऱ्यांनीं घाण हेंच रोगाचें कारण मानून गटारें समुद्राच्या पाण्यानें व कार्बोलिक आम्लानें धुण्याचा सपाटा लावला, भिंतींस चुना फांसला, अंधाऱ्या चाळींवरील कौलें काढून आंत ऊन पाडलें. ह्या खटपटींत कांहीं खरा उपयोगहि झाला असेल. परंतु गटारांतून व बिळांतून हांकललेले उंदीर शेजारच्या घरांत शिरले, ही शक्यता त्या वेळीं कोणाच्या ध्यानीं आली नाहीं. उंदरावरील पिसवेच्या द्वारां रोग माणसाकडे येतो, हें पॉल-लुई सिमाँ ह्या फ्रेंच डॉक्टरानें १८९८ सालीं कराची येथें प्रयोग करून दाखविलें. आणि तें सर्वमान्य होण्यास आणखी कांहीं वर्षें लागलीं.

(४)

आतां नांवाविषयीं. ज्यास आपण आज सहज 'प्लेग' म्हणतों, त्यास पहिल्या आठवड्यांत निश्चित नांवच नव्हतें. गांठीचा ताप, ग्रंथिक सन्निपात, गुजराथी शेजाऱ्यांची मरकी, जुन्या लोकांची मरी, इंग्रजी अधिकाऱ्यांचा 'संशयित ताप', अशीं अनेक नांवें एकाच वेळीं चालत होतीं. संस्कृत वैद्यकांत अशा सार्वत्रिक संकटास 'जनपदोद्ध्वंस' असा अन्वर्थक शब्द आहे. चरकसंहितेच्या विमानस्थानांतील तिसऱ्या अध्यायांत वायु, उदक, देश व काल ह्या चार गोष्टी बिघडल्यानें भिन्न प्रकृतीच्या माणसांसहि एकाच वेळीं एकच व्याधि कशी होते, ह्याची चर्चा केली आहे. त्या चर्चेंत जंतु नाहीं; परंतु सर्वांस समान असलेल्या वस्तूंत कारण शोधावें, ही दृष्टि आहे, आणि ती आजहि टाकाऊ नाहीं.

नांव अनिश्चित राहण्याचा परिणाम केवळ भाषेपुरता नव्हता. मृत्यूच्या नोंदवहींत कारण लिहावें लागतें. 'प्लेग' लिहिलें तर घर धुतलें जाणार, सामान जाळलें जाणार, घरचीं माणसें अलग नेलीं जाणार. 'ताप' किंवा 'क्षय' लिहिलें तर ह्यांपैकीं कांहींच होणार नाहीं. तेव्हां लोकांनीं काय लिहविलें असेल, हें सांगण्याची गरज नाहीं. त्या हंगामांत मुंबईंतील एकंदर मृत्यु नेहमींच्या मानानें जितके वाढले, तितके प्लेगच्या सदरांत दिसत नाहींत. ही तफावत त्या वेळच्या अधिकाऱ्यांनींच कबूल केली आहे.

आपल्या शास्त्रांत अस्सल कागद व खरा मजकूर ह्यांत आपण भेद करतों. एखादी सनद शिक्क्यानिशीं अस्सल असते, पण तींत सांगितलेला वंशवृक्ष बनावट असूं शकतो. नेमका तोच न्याय ह्या मृत्यूच्या नोंदींस लावावयास हवा. नोंदवही अस्सल आहे, सही अस्सल आहे, तारीखहि बरोबर आहे. परंतु कारणाच्या सदरांत जें लिहिलें आहे तें भीतीनें लिहविलेलें आहे. सरकारी छापील अहवाल हा ह्या नोंदींवर उभारलेला असल्यामुळें तो कितीहि नेटका असला तरी एकट्यावर विसंबून चालणार नाहीं.

(५)

६ ऑक्टोबरचा जाहीरनामा काढणारे म्युनिसिपल कमिशनर म्हणजे पी. सी. एच. स्नो. रोगी दिसेल तेथून उचलून इस्पितळांत न्यावा, त्याचें घर शुद्ध करावें, संसर्ग झालेलें सामान नष्ट करावें, असा त्याचा आशय होता. हेतु वाईट होता असें म्हणतां येत नाहीं. परंतु त्या काळच्या मनुष्यास इस्पितळ म्हणजे काय वाटत असे, ह्याचा विचार त्यांत नव्हता. तेथें जात सुटते, सोंवळें मोडतें, बायकांस परपुरुषाचा हात लागतो, मरतेसमयीं तोंडांत गंगा घालण्यास आपलें माणूस जवळ नसतें आणि प्रेताचे संस्कार कसे होतील ह्याचा भरंवसा नाहीं. ही सर्वसामान्य समजूत. हिंदु व मुसलमान दोघांचीहि ती सारखीच होती. त्यांत भर म्हणून अफवा उठल्या. इस्पितळांत माणसास मारून त्याची मोमियाई काढतात, ही जुनीच भीति नव्या जोरानें पसरली.

परिणाम असा झाला कीं, लोक रोगापेक्षां रोग उघडकीस येण्यास अधिक भिऊं लागले. आजाऱ्यास माळ्यावर, कोठींत, अंथरुणांच्या ढिगामागें लपविण्याचे प्रकार सुरू झाले. वैद्यास बोलविणें धोक्याचें झालें, कारण तो वर्दी देईल. शेजाऱ्यास सांगणें धोक्याचें झालें, कारण तो दुसऱ्यास सांगेल. पूर्वीं घरांत आजार झाला म्हणजे दार उघडें राही, आळींतील बायका येत, काढा देत, रात्रीं जागत. आतां आजार झाला म्हणजे दार लागूं लागलें. ह्या एका वाक्यांत त्या सहा आठवड्यांचा सर्व इतिहास आला, असें प्रस्तुत लेखकास वाटतें. रोगानें शेजार मोडला नाहीं; रोग्याच्या वाट्यास काय येईल ह्या भयानें तो मोडला.

२९ ऑक्टोबर रोजीं सुमारें एक हजार गिरणीकामगार आर्थर रोडवरील संसर्गजन्य रोगांच्या इस्पितळावर चालून गेले. हें इस्पितळ म्हणजे आजचें कस्तुरबा रुग्णालय होय. दुसऱ्याच दिवशीं स्नोसाहेबांनीं जाहीरनामा सौम्य केला. ज्याच्या घरीं रोग्यास निराळें ठेवण्याची व औषधपाण्याची सोय असेल त्यास सक्तीनें हलवूं नये, असें ठरलें.

ह्या माघारीचें जें कारण स्वतः स्नोसाहेबांच्या लेखनांत येतें, तें फार मार्मिक आहे. त्यांस दंग्याची जितकी भीति वाटली नाहीं तितकी हलालखोर व झाडूवाले शहर सोडून जातील ह्याची वाटली. मुंबईंतील संडासांची सफाई त्या काळीं सर्वस्वीं त्या लोकांच्या हातांवर चालत असे. ते निघून गेले असते तर आठ लाख वस्तीचें शहर थोडक्या दिवसांत राहण्यास अयोग्य झालें असतें, आणि रोग घालविण्यासाठीं काढलेल्या हुकुमानेंच रोगास रान मोकळें मिळालें असतें. शहराचा सर्व डोलारा ज्या माणसांस कोणी शिवत नव्हतें त्यांच्या खांद्यावर उभा आहे, ही गोष्ट कमिशनरास त्या आश्विनांत कळली. तेवढ्यानें त्या माणसांची स्थिति सुधारली, असें मात्र दिसत नाहीं.

हा अनुभव जमेस असतांना सरकारनें चारच महिन्यांनीं, ४ फेब्रुवारी १८९७ रोजीं, साथीच्या रोगांचा कायदा केला, मार्चांत मुंबईस ब्रिगेडियर-जनरल गेटेकर यांच्या अध्यक्षतेखालीं प्लेग कमिटी नेमली आणि पुण्यास रँडसाहेबाच्या हातीं सोजीर दिले. मुंबईंत ऑक्टोबरांत जें सौम्य करावें लागलें तेंच पुण्यांत मार्चांत कठोर करून लादलें गेलें. पुण्याची हकीकत समजून घेण्यास मुंबईचे हे सहा आठवडे जाणणें कां अवश्य आहे, तें येथें स्पष्ट होईल.

(६)

दार लागलें, त्यानंतर घर सुटलें. ऑक्टोबरपासून लोक मुंबई सोडूं लागले. आरंभीं मांडवीकडील सुखवस्तु व्यापारी आपापल्या देशीं गेले; मग कारकून व गिरणीकामगार रत्नागिरी, सातारा व घाटाकडे निघाले. फेब्रुवारी १८९७ पर्यंत सुमारें पावणेचार लाखांवर माणसें निघून गेलीं, असा त्या वेळचा अंदाज होता. १८९१ च्या खानेसुमारींत मुंबईची वस्ती ८,२१,७६४ होती. १९०१ मध्यें ती ७,७६,००६ भरली. वाढत्या शहराची वस्ती दहा वर्षांत घटावी, ही गोष्ट साधी नव्हे.

जाणाऱ्यांबरोबर रोगहि गेला. डिसेंबरांत कराचींत व पुण्यांत त्यानें ठाणें दिलें. पुढें आगगाडीच्या ठाण्यांवर उतारूंस उतरवून तपासण्याची वहिवाट पडली. कल्याणच्या तपासणीचें नांव घेतांच प्रवाशाच्या पोटांत गोळा येई.

मागें राहिलेल्यांच्या व्यवहारांतहि पालट झाला. गिरण्यांत पूर्वीं महिन्याचा पगार पुढील महिन्यांत बराच उशिरां देण्याची रीत होती, म्हणजे कामगार नेहमींच मालकाकडे अडकलेला असे. १८९७ च्या आरंभीं माणसेंच मिळेनाशीं झालीं, तेव्हां रोजची मजुरी रोज चुकती करण्याची पाळी मालकांवर आली; इतकेंच नव्हे तर नाक्यानाक्यावर कामगारांसाठीं चढाओढीनें बोली होऊं लागली. साथ ओसरतांच जुनी रीत परत आली.

घरांच्या भिंतींवर नवी लिपि दिसूं लागली. ज्या घरांत प्लेगनें मृत्यु होई त्याच्या भिंतीवर वर्तुळ काढून तारीख घालीत. ज्या चाळी राहण्यास अयोग्य ठरत त्यांवर 'यू. एच. एच.' हीं तीन इंग्रजी अक्षरें रंगवीत. अक्षरओळख नसलेल्या माणसासहि तीं वाचतां येऊं लागलीं.

हाफकिन हे ऑक्टोबरांतच मुंबईस आले होते. भायखळ्याच्या ग्रँट मेडिकल कॉलेजांत त्यांनीं लस सिद्ध केली व १० जानेवारी १८९७ रोजीं ती स्वतःस टोंचून घेतली. परळ येथील संस्था आज त्यांच्या नांवानें ओळखली जाते. कामगारांचे पुढारी नारायण मेघाजी लोखंडे हे फेब्रुवारी १८९७ मध्यें मुंबईंत, आणि सावित्रीबाई फुले १० मार्च रोजीं पुण्याकडे रोग्यांची शुश्रूषा करतां करतां ह्याच रोगास बळी पडल्या. दार लावून घेण्याच्या काळांत दार उघडणारींहि माणसें होतीं, एवढें सांगण्यासाठीं हीं दोन नांवें पुरेत.

(७)

आतां कागदांविषयीं, म्हणजे आपल्या स्वतःविषयीं.

राजवाडे यांच्या 'मराठ्यांच्या इतिहासाचीं साधनें' ह्या मालेचा पहिला खंड १८९८ सालीं प्रसिद्ध झाला. म्हणजे ज्या वर्षांत पानिपतच्या काळचीं पत्रें माळ्यावरून खालीं येऊन छापलीं जात होतीं, त्याच वर्षांत मुंबई-पुण्याच्या घरांतून अंथरुणें, चिंध्या व अडगळ बाहेर काढून जाळली जात होती. त्या अडगळींत किती रुमाल व किती पोथ्या गेल्या असतील, ह्याचा हिशेब कोणी ठेवला नाहीं; परंतु जुनीं दप्तरें अडगळीच्याच खोलींत असतात, हें संग्राहकांस सांगावयास नको. जें वांचलें तें वांचलें. पण वांचलेल्यांपैकीं आपण काय राखलें?

येथें स्वतःची चूक सांगणें प्राप्त आहे. कांहीं वर्षांपूर्वीं एका परिचिताच्या वाड्यांतील कागद पाहण्याचा योग आला. पेशवाईंतील चार-सहा यादी निघाल्या, त्या आनंदानें उतरून घेतल्या. त्यांजबरोबर रोजकीर्दीच्या वह्यांचा एक गठ्ठा होता. वरच्या वहीवर शके १८१८ असें स्पष्ट होतें. प्रस्तुत लेखकानें ती उलगडूनहि पाहिली नाहीं. "ह्या अलीकडच्या आहेत, ठेवल्या नाहींत तरी चालेल," असें घरधन्यास सांगितलें. आणि त्यानें तो गठ्ठा रद्दींत घातला. शब्द माझा होता. दोष त्याचा नाहीं.

पुढें मार्च २०२० मध्यें नवी साथ आली. १८९७ चाच कायदा १३ मार्च रोजीं महाराष्ट्रांत लागू झाला. मुंबईचे पहिले रुग्ण त्याच आर्थर रोडवरील रुग्णालयांत ठेवले गेले. आणि देशभर टाळेबंदी सुरू झाली त्या २५ मार्चच्या दिवशीं वर्षप्रतिपदा होती. आमच्या गल्लींत त्या दिवशीं गुढ्या उभ्या राहिल्या, पण कडुनिंबाचा पाला मागावयास कोणी कोणाच्या दारीं गेलें नाहीं. दुपारीं समोरच्या घरांतील खोकल्याचा आवाज ऐकून मीं स्वतः उठून खिडकी लावली. लावल्यावर मग तो रद्दींत गेलेला गठ्ठा आठवला. शके १८१८ च्या आश्विनांत त्या वाड्यांत दार केव्हां लागलें, तें त्या वहींत असलें पाहिजे. कीर्द लिहिणारा कारकून भीति लिहीत नाहीं. पण त्या महिन्यांत चुना किती आणला, गाडीभाडें कोठवर दिलें, श्राद्धाच्या दक्षिणेचा आंकडा किती उतरला, मोलकरणीचा पगार कोणत्या तिथीस थांबला, हें तो लिहितोच. भीतीचा त्याहून विश्वसनीय पुरावा कोणता?

म्हणून संग्राहकांस विनंति आहे कीं, शके १८१८ ते शके १८२५ पर्यंतचे खासगी कागद हातीं आल्यास ते अर्वाचीन म्हणून टाकूं नयेत. विशेषतः पुढील गोष्टींकडे लक्ष द्यावें. रोजकीर्दींत चुना, डांबर, ऊद, धूप, राळ व फिनेल ह्यांच्या खरेदीच्या तिथि पाहाव्या. भाड्याच्या खात्यांत कोणत्या महिन्यापासून खोल्या रिकाम्या पडल्या तें टिपावें. पत्रांतील मजकुराबरोबर पत्ताहि उतरून घ्यावा, कारण कुटुंब कोठें पळालें तें पत्त्यावरून कळतें. जुन्या पंचांगांच्या समासांत केलेलीं टांचणें वाचावीं. लग्नें कोणत्या वर्षीं लांबलीं वा भलत्याच गांवीं झालीं, तें पाहावें. आणि सर्वांत महत्त्वाचें म्हणजे नाशिक, त्र्यंबकेश्वर, पंढरपूर येथील तीर्थोपाध्यायांच्या वह्या. म्युनिसिपालिटीच्या कारकुनापुढें मनुष्य खोटें कारण लिहवील. परंतु क्षेत्रोपाध्यायापुढें पितरांचें नांव लिहवितांना त्यास खोटें बोलण्याचें प्रयोजन नसतें. एकाच घराण्यांतील तीन-चार नांवें एकदम मृतांत गेलेलीं आढळलीं, तर सरकारी सदरांत 'ताप' असला तरी काय समजावयाचें तें आपण समजूं शकूं.

जे कागद अद्याप जिवंत माणसांच्या घरांत आहेत, ते मागतांना थोडा विवेक हवा. साथींत कोणी आजाऱ्यास टाकून पळालें असेल, कोणी प्रेत सोडलें असेल. वंशजांस त्याची लाज वाटते व म्हणून ते वही दाखवीत नाहींत. त्यांस सांगावें कीं, आम्ही न्यायनिवाडा करावयास आलों नाहीं. भीतीनें दार लावणारे ते एकटेच नव्हते. हें सांगण्याचा अधिकार, खिडकी लावलेल्या ह्या लेखकास तरी, आहे असें वाटतें.

शके १८१८ चीं माणसें आतां कोणी उरलीं नाहींत. त्यांच्या वह्या मात्र अजून कोठें कोठें आहेत, आणि दर दिवाळीच्या साफसफाईंत त्यांपैकीं कांहीं रद्दीवाल्याकडे जात आहेत. यंदाच्या आश्विनांत माळा झाडतांना वहीवरील शक एकदां वाचून पाहावा, एवढीच प्रार्थना. अलं विस्तरेण.